वावरात रोडग्यांचा कार्यक्रम आहे. रांधताना आणि पाहुणे जेवताना कोणती गाणी लावावी?

पळसफूल (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. तूर निघाली की जानेवारीत वावरात रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) करायचं ठरलं आहे. माहेरची, सासरची, गावातली मिळून पन्नासेक माणसं होतील. नागपूरहून नणंद आणि नंदई येतील, पुण्याहून दीर-जाऊ येतील. ऐंशी ओलांडलेले म्हातारेही आहेत. वांग्याची भाजी, वरण, भात, रोडगे, ठेचा आणि वरून तूप, एवढं पक्कं. गाण्यांचं मात्र जमेना. घरातली पोरं म्हणतात डीजेचे बॉक्स आणू. मामंजी म्हणतात भजनी मंडळ बोलवा. जाऊबाईंनी फोनवर गाण्यांची यादी पाठवली आहे, त्यातलं एकही गाणं आमच्या आत्याबाईंना कळणार नाही.

मला स्वतःला रांधताना गाणं लागतंच. भाकरी थापताना ठेक्याचं हवं. भाजी निवडताना, तूर सोलताना शब्द ऐकावेसे वाटतात, तेव्हा गझल किंवा भावगीत. पण पाहुणे घरात आले की हेच गाणं मला नकोसं होतं, कारण कोण काय बोलतंय, कोणाला काय हवंय हे ऐकायचं असतं. उलट नुसत्या शांततेत पन्नास माणसं बसवली तर एकमेकांना न ओळखणारे अवघडून बसतात, तेही पाहिलं आहे. एका दिवसात सगळ्यांचं कसं साधायचं? ज्यांनी असे कार्यक्रम केलेत त्यांनी सांगा.

खंजेरी (तिवसा)

ताई, मामंजींचं ऐका, पण अर्धा दिवस. आमच्या मोझरीच्या पट्ट्यात मंडळाशिवाय कार्यक्रम होत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) खंजेरी हातात घेऊन गावोगाव भजनं म्हटली. खंजेरीला वीज लागत नाही, बॉक्स लागत नाही, वावरात ती घरच्यासारखी वाजते.

भजनाची जागा रांधण्याच्या वेळची. भजनी ठेका आठ मात्रांचा. कणीक मळणाऱ्याचा हात त्या ठेक्यावर आपोआप पडतो. मंडळ संथ सुरू करतं, हळूहळू लय चढवतं, आणि रांधणाऱ्या बाया-माणसं ध्रुवपद उचलतात. त्यात कोणी नुसतं ऐकणारं नसतं, सगळेच गाणारे होतात.

जेवताना मात्र भजन ठेवू नका. एक तर मंडळातली माणसंही उपाशी असतात, त्यांनाही पंगतीत बसवायचं असतं. दुसरं म्हणजे भजन चालू आणि समोर 'भाजी आण, भाजी आण' चालू, हे भजनालाही बरं नाही आणि भाजीलाही. पंगत बसायच्या आधी शेवटचं भजन संपवा.

गंजावरचा (आर्णी)

मी पंगतीचा सयपाक करतो, बापही तेच करत होता. गाणं कोणतंही लावा बाई, पण कढईपाशी बॉक्स ठेवू नका. काहून ते सांगतो.

तेल तापलं का नाही, हे मले डोयाच्या आधी कानानं समजते. मोहरी टाकली की तडतड कशी येते त्यावरून जाळ कमी करतो. वडा सोडला की आधी जोरात चरचर होते, कारण पिठातलं पाणी वाफ होऊन निंघते. पाणी कमी होत गेलं तसा आवाज बारीक होते. आवाज बारीक झाला अन् बुडबुडे कमी झाले की वडा झाला, झाऱ्यानं काढा. भाजीच्या गंजाचंही, म्हंजे मोठ्या पातेल्याचंही, तसंच. रस्सा मोकळा उकळते तवा आवाज वेगळा, अन् बुडाशी लागाले सुरुवात झाली की जड, थांबून थांबून 'भद् भद्' आवाज येते. पन्नास माणसाची वांग्याची भाजी बुडाशी लागली तं वास येईपर्यंत उशीर झालेला असते. बॉक्सचा धडाम धडाम चालू असला की यातलं काईच आयकू येत नाही.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. दोन माणसं उकळता गंज उतरवतात तवा 'धर', 'सोड', 'सरक' हे शब्द आयकू आलेच पायजे. लेकरं मधात पळत असतात. मी तं सांगूनच ठेवतो, गंज उतरवाच्या वेळी गाणं बंद.

बाकी मले सोताले रांधताना जुनी लावणी आवडते. ढोलकी असली की हात चालते.

पळसफूल

गंजावरचे दादा, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. चूल धुऱ्याकडच्या बाजूला करतोय, तर गाणं मग दुसऱ्या टोकाला, आंब्याखाली. मंडळाला मात्र चुलीजवळ बसवलं तर चालेल ना? त्यांचा आवाज काही बॉक्ससारखा नाही.

गंजावरचा

मंडळ चालते. माणूस माणसाले पाहून थांबते. गंज उतरवाले घेतला की खंजेरीवाला सोताच हात आवरते. बॉक्स काई पाहत नाही.

ध्वनिवेध (मूळ पुसद, आता नागपूर)

साऊंडचं काम करतो म्हणून थोडं तांत्रिक. दोन माणसं हातभर अंतरावर साधं बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. गाणं त्याच्या खाली राहिलं तर बोलणं होतं. वर गेलं की लोक ओरडून बोलतात, मग कोणीतरी गाणं आणखी वाढवतं, आणि अर्ध्या तासात सगळ्यांचे घसे बसतात. उघड्या वावरात भिंत नसते, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून एक मोठा बॉक्स ठेवला की जवळचे बहिरे होतात आणि लांबच्यांना काही ऐकू येत नाही. त्यापेक्षा दोन-तीन लहान बॅटरीचे स्पीकर, माणसांच्या डोक्यापेक्षा थोडे उंच, झाडाच्या फांदीला बांधा आणि आवाज कमी ठेवा.

जेवणाशी आवाजाचं नातं आहे हे लोकांनी तपासून पाहिलेलं आहे. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकन संशोधकाने १९८६ साली एका रेस्टॉरंटमधला प्रयोग छापला. संथ संगीत असताना माणसं सरासरी ५६ मिनिटं टेबलावर बसली, जलद असताना ४५ मिनिटं. लग्नात पुढची पंगत खोळंबली असेल तर जलद संगीत कामाचं, पण तुम्हाला माणसं बसायला हवी आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात असं दिसलं, की कानांवर मोठा गोंगाट असताना खाणाऱ्यांना पदार्थातलं मीठ आणि गोडी कमी जाणवली, कुरकुरीतपणा मात्र जास्त. तो गोंगाट हेडफोनमधला होता, गाणं नव्हतं, तरी वांग्याच्या भाजीसाठी एवढं लक्षात ठेवा.

आणि कार्यक्रम लांबला तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. वावर गावापासून दूर असलं तरी रात्री आवाज फार लांब जातो.

बोरीअरबचा पोट्टा

सगळे मोठी माणसं बोलून राहिले म्हणून आमचंही सांगतो. आम्हाले नाचाले पायजे. वर्षभर आम्ही कॉलेजले बाहेरगावी, चुलत-मामेभाऊ सगळे एकाच दिवशी भेटतो. त्या दिवशी बासरी आयकून बसा म्हणाल तं आम्ही मोटारसायकली घेऊन निंघून जाऊ. धुमालचं, म्हंजे आमच्याकडच्या नाचाच्या बँडचं, गाणं लागलं की आमची आजीही टाळी वाजवते, हे खरं सांगतो.

पळसफूल

बाळा, तू बोललास ते बरं झालं. आमच्या घरातली पोरं हेच म्हणतात आणि त्यांचं चूक नाही.

खंजेरी

मग त्यांना रोडगे भाजण्याच्या वेळेची जागा द्या. रोडगे गोवऱ्यांच्या आरात टाकले की घटकाभर कोणाच्याच हाताला काम नसतं. दोन जाणते माणसं आराजवळ, बाकी सगळे भुकेने येरझाऱ्या घालतात. भाजी झालेली असते, वरण झाकलेलं असतं. नाचायची वेळ ती. वरून राख झटकून रोडगे टोपल्यात आले की आवाज बंद.

गंजावरचा

हे बराबर आहे. फक्त धूळ उडते, म्हून भाजीच्या गंजावर झाकणं अन् वरून ओला कपडा पायजे. नाचाची जागा वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा.

मंडईची लेक (देसाईगंज, जि. गडचिरोली)

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटलेला आहे, म्हणून लिहिते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. ज्या गावाची मंडई, त्या गावातल्या घराघरात पाहुणे. लेकी, जावई, सोयरे, सगळे. रात्री नाटक असतं आणि ते पहाटेपर्यंत चालतं. आमचं देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या नाटक कंपन्यांचं गाव.

त्या दिवशी घरात कोणी गाणं लावत नाही, गरजच नसते. दुपारपासून मंडपाकडून पेटी-तबल्याचे सूर येतात, नाटकाची घोषणा करत गाडी फिरते, आणि आम्ही लाखोळीच्या डाळीचे वडे तळत, भाताचा गंज चढवत ते ऐकत असतो. सगळ्या गावाच्या चुली एकाच आवाजाखाली चाललेल्या असतात. पाहुण्यांना लवकर जेवू घालायचं असतं, कारण समोरची जागा धरायची असते. त्यामुळे पंगतीत बोलणं नाटकाचंच. यंदा कोणती कंपनी, कोण नट, मागच्या वर्षी गाणं कसं झालं. गाणं जेवणाच्या आधी आणि नंतर, मधे त्याच्याबद्दलची बडबड. पळसफूलताई, तुमच्याकडे जेवणानंतर एखादं ऐकण्यासारखं ठेवा. ते ठरलेलं असलं की जेवताना स्पीकर लागत नाही.

निवृत्त गुरुजी (सेलू, जि. वर्धा)

मंडईची लेक यांचं म्हणणं मला पटलं. माझी भर एवढीच, की जेवताना काही लावायचंच असेल तर शब्द नसलेलं लावा. बासरी, सरोद, सनई. शब्द आले की मन शब्दांमागे जातं. ओळखीचं गाणं असेल तर कोणीतरी पुढची ओळ म्हणतो आणि शेजारच्याचं वाक्य अर्धवट राहतं. नुसत्या सुरांवर माणूस आपलं बोलणं चालू ठेवू शकतो.

वेळेचाही विचार करा. तुमची पंगत दुपारची असेल तर सारंगाचे प्रकार, विशेषतः वृंदावनी सारंग. तो दुपारचाच राग, उन्हात झाडाखाली बसल्यावर त्याच्याइतकं काही शोभत नाही. कार्यक्रम संध्याकाळवर गेला तर दिवेलागणीनंतर यमन किंवा भूप. मारवा संधिप्रकाशाचा आहे, फार मोठा राग आहे, पण पाहुण्यांच्या जेवणाला तो लावू नये असं माझं मत आहे. त्यात एक अस्वस्थपणा आहे, तो एकट्याने ऐकावा.

आकाशवाणी नागपूर १९४८ साली सुरू झालं. आमच्या पिढीचे कान तिथेच तयार झाले. घरात एकच रेडिओ, तो स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्या मधल्या कोनाड्यात. त्यामुळे आई रांधताना आणि वडील पाहुण्यांशी बोलताना एकच सूर ऐकत असत. कोनाड्याची ती जागा कोणीतरी फार विचाराने निवडली होती.

निळी पहाट (उमरखेड)

आवाज कमी, आवाज कमी असं सगळे म्हणताहेत, मला वेगळं वाटतं ते सांगते. १४ एप्रिलला आमच्या वस्तीत भोजनदान असतं. पहाटेपासून मोठ्या कढया चढतात, आणि पहाटेपासूनच भीमगीतं लागतात, मोठ्या आवाजात. कांदे चिरणाऱ्या बाया सोबत म्हणतात, पोळ्या लाटणाऱ्या म्हणतात. तो आवाज पार रस्त्यापर्यंत जायला हवा असतो. ज्याला कोणी बोलावलं नाही त्यालाही कळावं की इथे आज जेवण आहे आणि यायला कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या आज्यांना ज्या पंगतींच्या जवळपासही उभं राहू दिलं नव्हतं, त्यांच्या नाती आज वाढतात आणि गातात. अशा दिवशी गाणं दबक्या आवाजात लावणं बरोबर नाही.

म्हणून आवाज किती हे कार्यक्रम कशासाठी आहे त्यावर ठरवा. घरच्या माणसांना एकमेकांशी बोलू द्यायचं असेल तर कमी. सगळ्यांना हाक द्यायची असेल तर मोठा. जेवायला बसल्यावर आमच्याकडेही गाणं उतरवतात, कारण वाढणाऱ्याला हाक ऐकू यावी लागते.

ध्वनिवेध

निळी पहाट, हे मी लिहायला हवं होतं. आवाजाचं माप सांगितलं, हेतू राहिला. मान्य.

सरगुंडे (दर्यापूर)

मला एक सांगायचं आहे आणि ते जरा मनापासून आहे. या धाग्यात सगळे 'लावायचं' म्हणताहेत. आमच्या घरात बाया गात होत्या, लावत नव्हत्या.

उन्हाळ्यात सरगुंडे करायला अंगणात बसत. कणकेची बारीक दोरी बोटांनी काडीवर गुंडाळत न्यायची, मग काडी हलकेच ओढून घ्यायची, पोकळ सरगुंडं सुपात पडतं. पुढे उकडून आंब्याच्या रसासोबत खायचं. ते काम इतकं सारखं-सारखं आहे की गाण्याशिवाय हात थकतात. एकजण ओवी उचलायची, दुसरी जोडायची, कोणाच्या माहेराचं नाव यायचं, कोणाच्या भावाचं. नव्या सुनेला तिच्या माहेराची ओवी म्हणायला लावत, आणि त्या दिवसापासून ती त्या अंगणातली व्हायची.

भुलाबाईचंही तेच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज गाणी, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवत. खळखळ आली तर फुटाणे नाहीतर शेंगदाणे, जड धप् आलं तर लाडू किंवा वडी, काहीच आवाज नाही तर शिरा. मुलींचा कान तिथे तयार व्हायचा. गंजावरचे दादा आवाजावरून वडा ओळखतात, आम्ही आवाजावरून खाऊ ओळखायचो.

आता पाहुणे येणार म्हटलं की पहिल्यांदा स्पीकर चार्जिंगला लागतो, आणि ज्या बायांना दोनशे ओव्या पाठ आहेत त्या गप्प बसून चपात्या लाटतात. स्पीकर चालू असताना कोण गाणार? पळसफूलताई, तुमच्याकडे ऐंशीच्या पुढच्या बाया येणार आहेत असं वाटतं. रोडग्यांची कणीक मळायला घ्याल तेव्हा तासभर काहीही लावू नका. त्यांच्याजवळ बसा आणि पहिली ओळ तुम्ही म्हणा. त्या उचलतील.

पळसफूल

सरगुंडे, तुमचा प्रतिसाद मी आत्याबाईंना वाचून दाखवला. त्यांनी लगेच एक ओवी म्हटली आणि विचारलं, 'ह्या कोण बाई, कुठल्या?' दर्यापूरच्या म्हटल्यावर त्यांच्या ओळखीतली चार घरं निघाली.

सगळ्यांचं वाचून असं करायचं ठरवलं आहे. सकाळी कणीक मळताना आणि रोडग्यांचे पदर लाटून तेल लावून गुंडाळताना बाया गातील, कोणाचाही फोन वाजणार नाही. भाजी चढली की मंडळ, चुलीजवळच. रोडगे आरात गेले की पोरांचा स्पीकर, आंब्याच्या पलीकडे, वाऱ्याखाली. पंगतीत आधी काहीच नाही. पहिली वाढ झाली, ओळखी निघाल्या आणि तरीही गरज वाटली तर गुरुजींचा सारंग, बारीक. जेवणानंतर मंडईची लेक म्हणतात तसं बसून ऐकण्यासारखं. जाऊबाईंच्या यादीतली गाणीही तेव्हाच ऐकू, त्यांनी प्रेमाने पाठवली आहेत आणि अर्थ त्याच सांगतील.

मामंजींनी 'मंडळ येणार' एवढंच ऐकलं आणि खूश आहेत. एक अडचण उरली. वावरात नेटवर्क धड नाही, आणि शेतीपंपाची थ्री फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची असेल तर दिवसा लाइनचा भरवसा नाही.

ध्वनिवेध

नेटवर्कवर अवलंबून राहूच नका. गाणी आदल्या दिवशी घरी उतरवून पेन ड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर घ्या. दोन वेगळे ड्राइव्ह करा, एक पोरांचा, एक जेवणानंतरचा, म्हणजे मधे शोधाशोध होत नाही. फोन ब्लूटूथने जोडलात तर तो स्पीकरपासून दहाएक मीटरच्या आत ठेवा, नाहीतर गाणं तुटतं. आणि फोन ज्याचा त्याला कॉल आला की सगळ्या वावरात रिंग वाजते, म्हणून फोन फ्लाइट मोडवर. बॅटरीचे स्पीकर आदल्या रात्री पूर्ण भरून घ्या. मोटरच्या लाइनवरून काही जोडू नका.

गंजावरचा

अन् गाणं बंद करणारा माणूस एकच ठेवा. आंब्यापाशी बसवा, जिथून त्याले चूल दिसते. मी हात वर केला की त्यानं बंद करायचं. पन्नास माणसात कोणी कोणाले सांगत बसलं तं गंज हातातच राहते.

बोरीअरबचा पोट्टा

पळसफूल काकू, तुमच्या घरच्या पोट्ट्याइले सांगा, एक-दोन गाणे आज्यांसाठी ठेवा म्हणा. त्या नाचत नाहीत पण टाळी धरतात, मंग आम्हालेही जोर येते.

पळसफूल

सांगते बाळा. आणि दादा, हात वर केला की बंद करायचं काम मी मोठ्या पुतण्याला दिलं आहे, त्याला नाचायची आवड नाही.

सरगुंडे, कणीक मळताना म्हणायची पहिली ओळ मला तुमच्याकडची हवी आहे. आत्याबाई म्हणतात दर्यापूरकडे चाल वेगळी होती. आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तर चाल धरून ठेवीन. इतर बायांनीही आपापल्या गावची एकेक ओवी पाठवा, कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर आम्ही रोज संध्याकाळी म्हणून पाहणार आहोत.